खातेदाराचं नाव

अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बेक भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आपल्या खोलीत बसून रिफअतनं दीड वर्ष एकट्यानं खपून एक प्रोग्रॅम तयार केला होता. बँकेची स्टेटमेंट, पावत्या, कराचे कागद त्यात घातले की त्यांचा सरळ तक्ता होऊन बाहेर पडे, आणि कागदातलं एक अक्षरही त्या कॉम्प्युटरबाहेर जात नसे. खात्रीसाठी तो इंटरनेटची वायर उपटूनच काम करी. दोनशे अनोळखी कागद बिनचूक उतरले. मग त्यानं सहज स्वतःचं स्टेटमेंट घातलं.

खातेदार : राफत.

तो हसला. अरबीत ही दोन्ही नावं लिहायला जवळपास सारखीच. मधलं एखादं अक्षर चुकलं असेल. त्यानं दुरुस्ती केली. पुन्हा राफत. विजेचं बिल घातलं, घरभाड्याची पावती घातली. राफत. राफत.

सोमवारी दुपारी इंजी मॅडम आल्या. त्यांच्या हिशेबनिसांच्या कचेरीला हा प्रोग्रॅम हवा होता. त्यांच्या भावाचंही नाव रिफअत. त्याचा कागद त्यांनी घालून पाहिला. तो नीट आला.

"फक्त तुझ्यावरच राग दिसतोय याचा," त्या म्हणाल्या. "घरात कुणी राफत होता का रे?"

"नाही, मॅडम. मी एकुलता एक."

"मग गुरुवारच्या आत निस्तर. बनवणाऱ्याचंच नाव चुकतं, हे मी कुणाला दाखवू?"

त्या गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. आई मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"आई, राफत कोण?"

तिनं मान वर केली नाही. "कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"जुळे होतात तुम्ही. चार महिन्यांचे. दोघांनाही ताप चढला. औषध एकापुरतंच मिळालं. तुला पाजलं."

"मलाच का?"

"तू गप्प होतास. तो केकाटून केकाटून डोकं उठवत होता."

रिफअत भिंतीला टेकला. खाली ट्राम गेली, कपाटातल्या काचा किणकिणल्या.

"म्हणजे राफत गेला."

"रिफअत गेला," आई म्हणाली. "ते तुझ्या आजोबांचं नाव. त्यांच्या नावाचं पोर माझ्या हातून मेलं म्हटल्यावर तुझ्या बापानं मला घरात ठेवलं असतं होय? दाखला लिहिणाऱ्याला मी सांगितलं, मेला तो राफत. सारखे तर दिसायचात. कुणाला कळतंय?"

"एवढी वर्षं तू मला त्याच्या नावानं हाक मारलीस!"

"मग? ओ देत होतास की." तिनं देठांचा ढीग बाजूला सारला. "आता बायकांसारखं रडू नकोस. ताटं घेते."

तो खोलीत परतला. दार लावून घेतलं. स्टेटमेंट परत घातलं.

खातेदार : राफत.

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच. त्यानं हात मांडीवर ठेवले.

"रिफअत, जेवायला ये!" आईनं आतून हाक मारली.

त्याच्यानं ओ देववेना.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग वाडग्यात चमचा वाजू लागला, घाईघाईनं, भुकेल्यासारखा.

"सावकाश," आई म्हणत होती. "सावकाश खा रे. कुणी काढून घेत नाही."