आप्पांच्या बाटलीतला कडू घोट

डॉ. वेदिकाने खाजगी तपासनीस ऋतिका मयेकरच्या टेबलावर एक पांढरी बाटली ठेवली.

बंदरावर डोळ्यांची साथ होती. खलाशांवर दोन अँटिबायोटिक थेंबांपैकी कुठले जास्त गुणकारी, हे वेदिका पडताळत होती. बाटल्या हुबेहूब सारख्या, वर फक्त क्रमांक. दोन्हींत फरक एवढाच, की एक औषध डोळ्यात घातलं की घशात कडू उतरतं आणि दुसऱ्याला चव नाही. हे रोग्यांना सांगितलेलं नव्हतं. कुणाला काय दिलं याची यादी एकट्या कंपाउंडर रावजीकडे.

बोटमालक आप्पांच्या या दुसऱ्या बाटलीत मात्र औषधच नव्हतं. काडेचिराइताचं, त्या कडूजहर काड्यांचं गढूळ पाणी होतं. आता त्यांचा उजवा डोळा राहतो की जातो, याची धास्ती होती.

"बाटली रावजीने दिली, धोंडू खलाशाने घरी पोचवली, सून श्रद्धाने थेंब घातले," ऋतिका म्हणाली. "तिघांपैकी एक."

सुजय तिचा मदतनीस. त्याचा संशय लगेच सुनेवर गेला, कारण ती सासऱ्याशी धड बोलत नव्हती. श्रद्धाने ते लपवलंही नाही. पहिल्या बाटलीला चव नाही म्हणून सासरे रोज कुरकुरत, असं तिने वैतागून सांगितलं. रावजीने निमूटपणे यादी पुढे केली. आप्पांना बेचव औषधच नेमलेलं होतं.

धोंडू जाळं विणत बसला होता. "माझे पण डोळे आलेले. घसा नुसता कडू व्हायचा, पण आठवड्यात बरा झालो." भाऊ शिवा गेल्या वर्षी आप्पांच्याच बोटीवरून पडून गेला, असंही तो सहज बोलून गेला.

संध्याकाळी ऋतिकाने सगळ्यांना आप्पांच्या खाटेपाशी जमवलं.

"पाणी मुद्दाम कडू केलंय, म्हणजे आप्पांना बदल कळू नये. पण आप्पांचं औषध कडू नव्हतंच. रावजीला ते यादीवरून ठाऊक, श्रद्धाला कुरकुरीवरून. सगळ्यांचं औषध कडूच असणार, असं एकालाच वाटलं. ज्याचा स्वतःचा घसा कडू झाला होता त्याला."

सुजय मनातल्या मनात ओशाळला.

धोंडूने नाकारलं नाही. "शिवा माला दिसलाच नाय, असं हा आप्पा पोलिसांना बोलला. म्हटलं, मग खरंच दिसू नये."

आप्पांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "दिसला होता रे. हात वर केलान त्याने. जाळं म्हावऱ्याने भरलेलं, सोडवेना माला."

श्रद्धाने तोंडावर पदर धरला. शिवा कधी पडला ते कुणाला कळलंच नाही, असंच आजवर सगळ्यांना सांगितलेलं होतं.

धोंडूने वेदिकाला विचारलं, "डोळा वाचेल?"

"उजवा गेला. डावा शाबूत आहे."

"मग कमीच झालं," धोंडू म्हणाला, आणि पोलीस येईपर्यंत आप्पांच्या त्या शाबूत डोळ्याकडे बघत उभा राहिला.