मागच्या सीटवरची आई

गॅरेजमध्ये ब्रेकचं काम झालं की गाडीची एक फेरी मारावीच लागते. बसण्याआधी आम्ही सीटच्या रुळावर खडूची रेघ ओढतो आणि परत आलो की सीट त्या रेघेवर आणून ठेवतो. आपल्या जागी मधे कुणी बसून गेलं, हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. उस्तादांनी मला पान्याच्याही आधी हे शिकवलं.

घड्याळवाल्यांची करडी गाडी ब्रेकसाठी आली आणि तिथंच राहिली. ते घड्याळं दुरुस्त करायचे. ताडमाड माणूस, पण बोलणं अगदी हळू. "परगावी चाललोय. येईन तेव्हा नेईन. तोवर कुणाला देऊ नका," एवढंच सांगून गेले.

मी कुणाला दिली नाही. मीच घेतली.

आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जाता-येता दोन-दोन बस. परतताना ती बसच्या दांड्याला धरून उभी असायची, पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखी. डॉक्टर म्हणाले, ही दगदग तिला झेपायची नाही. मग उस्ताद दुपारी जेवायला गेले की मी फेरीच्या नावाखाली करडी गाडी काढू लागलो; आणायला चार वाजता पुन्हा. पाय पसरता यावेत म्हणून आईला मागं बसवायचो.

"कुणाची रे गाडी?"

"लोकाची."

"विचारलंस त्याला?"

"विचारीन की."

आईला यमक जुळवायची खोड होती. खिडकीवर बोटांनी ताल धरून ती म्हणाली, "गाडी आहे लोकाची, ऐट माझ्या लेकाची." किती महिन्यांनी हसली होती.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गाडी ओळखली. "ही घड्याळवाल्यांची ना?"

"हो. मी त्यांचा ड्रायव्हर. मागं त्यांच्या आई आहेत."

त्यानं आईला नमस्कार केला. वर नव्यानंच आलेल्या सिस्टरलाही मग तेच सांगावं लागलं. घरी उतरताना आई एवढंच म्हणाली, "तोंडातून गेलेला शब्द हवेत विरत नाही रे. कुठं तरी जाऊन बसतो."

पुढच्या खेपेला आईला वर सोडून खाली आलो, तर सीट मागं सरकलेली. बरोबर खडूच्या रेघेवर. मी बुटका; सीट पुढं ओढल्याशिवाय माझे पाय पोचतच नाहीत. दारं बंद होती, किल्ली माझ्या खिशात. खटका सैल झाला असेल म्हणून मी तो आवळला. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. शिवाय पाठ टेकायची जागा कोमट, आणि आत बारीक तेलाचा वास. गाडीच्या तेलाचा नव्हे. घड्याळात थेंबभर घालतात, तसल्या तेलाचा.

मग आई बदलू लागली.

"ड्रायव्हर, जरा काच वर घ्या."

मी हसलो. "आई, पुरे झाली थट्टा."

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अनोळखी माणसाकडे सभ्यपणे पाहावं, तसं. नंतर बाहेर बघत गुणगुणली, "गाडी माझ्या लेकाची, हाकणारा लोकाचा."

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं विष डोक्यात चढतं, माणसं ओळखू येत नाहीत. मी ते पटवून घेतलं. सिस्टरला खरं सांगायचं रोज ठरवायचो. पण मग गाडीचंही सांगावं लागलं असतं, आणि पुन्हा त्या दोन-दोन बस. न सांगताच जिना उतरायचो.

त्या दिवशी चार वाजता तिला आणायला वर गेलो. खाट रिकामी होती. चादरही बदललेली.

"आत्ताच मुलगा घेऊन गेला त्यांना," सिस्टर म्हणाली.

"मुलगा मी आहे."

तिनं मान वर केली. "तुम्ही ड्रायव्हर ना?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडीची जागा मोकळी होती. किल्ली माझ्या मुठीत होती.

फाटकावर पहारेकरी हसला. "आज साहेब स्वतःच आले! हाताला धरून बसवलं आईंना. तुम्हाला सुट्टी वाटतं?"

चौकीत जाऊन काय सांगणार होतो? गाडी माझी नव्हती. आणि आई माझी नाही, हे मीच सगळ्यांना सांगून बसलो होतो.

घड्याळवाल्यांचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"गाडी…" मी म्हणालो.

"आणली मी," ते हळू आवाजात म्हणाले. "ब्रेक छान झालेत."

"माझी आई…"

मागं कुणीतरी खोकलं. तो खोकला मी झोपेतही ओळखला असता.

"कुणाचा रे फोन?"

"काही नाही, आई. ड्रायव्हरचा."

"बरा होता हो बिचारा," आई म्हणाली.

मी हाका मारल्या. आई, अगं आई. पलीकडे पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला.

"अर्धाच हं," ते तिला म्हणाले.

एका वेळी अर्धाच पेला. एवढंच पाणी तिला चालायचं. दवाखान्याबाहेर ते फक्त मला ठाऊक होतं.

ती घोट घोट पाणी प्यायली. त्यांनी फोन ठेवला नाही. पेला रिकामा होईपर्यंत मला ऐकू दिलं.