रविवारपर्यंत विहिरीत

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यासोबत घडलंय. रविवारी, भरदुपारी तीनच्या सुमारास, त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत.

त्याची धाकटी बहीण वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी त्याने एक खेळ मांडला होता. गोष्ट हा सांगायचा, धाकटी त्या गोष्टीतली तलवारवाली व्हायची. तलवारवालीने काही धाडस केलं की हा पुठ्ठ्याच्या आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडलं तर जमलं, नाहीतर फसलं.

खेळणारी एकटीच. ती मेली की खेळच संपला. म्हणून वाईट दान पडलं, तरी हा चांगलंच सांगायचा.

त्या रविवारी मात्र मित्र खाली खोळंबले होते.

तलवारवालीने विहिरीवरून उडी मारली. फासा पडला... सतरा.

"तीन," तो म्हणाला. "पडलीस विहिरीत. आता पुढच्या रविवारी."

"दादा, तिला वर काढ, मग जा. आत अंधार आहे रे."

"खेळातली तर विहीर. काय होतंय तिला?"

गुरुवारी धाकटी गेली.

ते त्याला आतून खात राहिलं. सांगणार कुणाला? लोक हसले असते.

महिन्याभराने आई म्हणाली, "दुपारचा तिच्या खोलीत फासा कशाला टाकत बसतोस रे? माझा डोळा लागत नाही."

दुपारी तो दुकानात असायचा...

रविवारी तो त्या खोलीत बसला. पलंग रिकामा. चादरीला हात लावला तर ओली... शेवाळाचा वास.

"दोर सोडलाय," तो म्हणाला. "धर."

फासा टाकला... तीन.

पुन्हा... तीन.

सात वेळा टाकला. तीनच.

शेवटी जुन्या सवयीने त्याने खोटंच सांगितलं. "वीस पडले. आलीस बघ वर."



मग पुठ्ठ्याचा आडोसा हळूच त्याच्या अंगावर कलला... पलंगाच्या बाजूने.

"दादा, खरं सांग."

आवाज खालून आला. फार खालून.

तो बोलला. "सतरा पडले होते गं. मला जायचं होतं, म्हणून ढकललं तुला."



त्या दिवसापासून खोलीत आवाज नाही. चादरही कोरडी.

ती वर आली, की दादावर रुसून विहिरीतच बसली, ते त्याला कळत नाही. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर काच चढवताना तो मध्येच थांबतो, कान देतो. परवा मलाच विचारलं, "आली असेल ना हो वर?"