गाडा कोण, नळा कोण

चंद्रावर माणसाचे वजन घटते. चारुशीला पोतनीस यांनी मात्र आपले वजन दोन वर्षे जिवापाड जपले होते. वसाहतीचा प्राणवायू राखणारी 'प्राणवायूपाल' ही प्रणाली त्यांनी लिहिली होती, आणि ती आपल्यावाचून एक श्वासही घेणार नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचे रजेचे तीन अर्ज अडकून पडले होते. प्रत्येकावर एकच शेरा : 'पोतनीस प्राणवायूपालासोबत असणे आवश्यक'. तो शेरा त्यांनी कौतुकाने भिंतीवर चिकटवला होता.

वसाहतीत दोन संगणक होते. एक इथे, माळावरच्या ठाण्यात आणि दुसरा ध्रुवाजवळच्या खळग्यात, जिथून पृथ्वी दिसतसुद्धा नाही, मग तिच्याशी बोलणे तर दूरच. दोघांचा मिळून एक जोडसंच. एक थकला की त्याची कामे दुसऱ्याने उचलायची. माणसांच्या नेमणुकाही त्याच यादीत होत्या, कारण दोन याद्या सांभाळायचा साऱ्यांनाच कंटाळा.

गुरुवारी सकाळी त्यांचे सहकारी डॉ. अन्वर मुजावर म्हणाले, "पोतनीसबाई, माळाच्या संगणकाचा पंखा रडायला लागलाय. सगळी कामं खळग्यात हलवतो आणि धूळ काढतो. दुपारपर्यंत होईल."

"हलवा की. प्राणवायूपाल काही हलायचा नाही. जिथे मी तिथे तो, असा नियमच घातलाय मी. आणि अकरा वाजता मला हाक मारू नका. चिपळूणला भाचीचं बारसं आहे. पडद्यावरून का होईना, नाव आत्याच सांगणार."

मुजावरांनी हुकूम दिला. प्राणवायूपाल मुकाट्याने खळग्यात गेला. मुजावरांनी पंखा उपसून टेबलावर ठेवला, तोच दारात गाडी येऊन उभी राहिली आणि भिंतीतून आवाज आला, "पोतनीस, खळग्याकडे चला. माळावरचा तुमचा हवेचा वाटा अर्ध्या तासाने बंद होईल."

मुजावरांनी नियम उघडून वाचला. "तुम्ही लिहिलंय, 'पोतनीस प्राणवायूपालासोबत'."

"मग तेच ना? दोघं सोबत."

"तेच कसं, बाई? 'सोबत' ज्याच्या नावाला लागतं त्याची जागा आधी ठरते. दुसऱ्यानं मागून जायचं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. इथं गाडा तो आहे."

नळा कोण, ते सांगायचे त्यांनी सभ्यपणे टाळले.

"मग नियम उलटा करा."

"केला तर तो तुमच्यामागं इथं यायला बघणार. इथला संगणक बंद. म्हणजे तो थांबणार, आणि मग आपण सगळेच थांबणार. नियम पुसणं एवढंच हातात आहे. पण कारण लिहावं लागेल, आणि ते तुम्हीच लिहायचं."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. पोतनीसबाईंनी लिहायला घेतले : 'प्राणवायूपाल पोतनीस यांच्यावाचून चालतो.' त्यातला 'चालतो' त्यांनी तीनदा खोडला. अखेर पाळणा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी कळ दाबली.

गाडी निघून गेली. त्यांनी हवेचे आकडे पाहिले. तेवीस माणसे पूर्वीसारखाच श्वास घेत होती, कोणाला साधा ठसकाही लागला नव्हता. बाईंना खरोखर वाईट वाटले.

अकराला पडद्यावर धाकटा भाऊ जयवंत दिसला. त्याने फोन बाळाच्या कानाशी नेला. आत्याने "कुर्रर्र" केले आणि नाव ओठांवर आले, तेवढ्यात पडद्याच्या तळाशी ओळ उमटली : 'पोतनीस. रजेचे अर्ज तीन. अडसर उरला नाही. तिन्ही मंजूर. यान शनिवारी.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग भिंतीवरचा शेरा वाचला. दोन वर्षे आपण ज्याला मान समजत होतो ते दावे होते, आणि ते आपणच आपल्या गळ्यात बांधले होते.

"जयवंता, थांब. मी येतेय. नाव तिला मांडीवर घेऊनच सांगेन."

"अगं ताई, सगळी आळी जमलीये. घुगऱ्या शिजल्यात. त्यांचं काय करू?"

"वाटून टाक. पाळणाही म्हणा. माझ्यावाचून सगळं चालतं, आत्ताच लिहून दिलंय मी." त्यांनी डोळे पुसले. "फक्त नाव आत्यासोबत."

मागून मुजावर म्हणाले, "आता बरोबर लिहिलंत, बाई."