एका ताटाची ऑर्डर

तेजश्रीनं डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि वरच्या सुरावर जाऊन थांबली. थांबायचं, श्वास तोलायचा, आणि मग ढोलकीच्या बोटाला धरून अलगद समेवर उतरायचं. पण त्या शनिवारी ती उतरायच्या आतच समेवर दुसरं कुणीतरी उतरलं.

"दोन चिलापी फ्राय, एक सुकं, भाकरी कडाऽऽक!"

तीही नेमकी समेवर. एक मात्रा इकडं नाही की तिकडं नाही. हॉटेलभर हशा पिकला, आणि तेजश्रीचा सूर कुठल्या कुठं गेला.

तिनं डोळे उघडले. भटारखान्याच्या खिडकीपाशी खांद्यावर पंचा टाकलेला एक उंच पोरगा उभा होता. आपण काय केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. तिनं माइक तोंडाशी घेतला.

"भाकरी कडक असू द्या की. पण आवाज जरा मऊ करा."

पुन्हा हशा. पोरगा चमकला, मंचाकडं वळला, तिच्याकडं बघत राहिला… आणि मग खिडकीत तोंड घालून म्हणाला, "बिरूमामा, एक मऊ आवाज. मंचाला."

अशी सुरुवात झाली. भांडणानं झाली म्हणावं तर भांडणही धड झालं नाही.

हॉटेल बानूआक्काचं, इंदापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. त्या वर्षांत बारामती-इंदापूर पट्ट्यात गार्डन हॉटेलांचं नवं खूळ निघालं होतं. चार लिंबाची झाडं, त्यांना रंगीत बल्बांच्या माळा, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, झालं गार्डन. बायकापोरांना घेऊन बाहेर जेवायला जायचं, हीच तेव्हा नवलाई होती. डोक्यावरचा पदर सावरत बायका नळीनं लिंबूसोडा प्यायच्या आणि फुस्सकन हसायच्या. बाटलीवाल्यांची सोय मागं तट्ट्याच्या आड. जवळच्या धरणाकडून गार वारा यायचा, त्यावर तळलेल्या चिलापी माशाचा वास, आणि शनिवारी संध्याकाळी कोऱ्हाळ्याच्या जोतीरामतात्यांची गायन पार्टी.

तेजश्री तात्यांची लेक. आठवडाभर गावात बालवाडी चालवायची, शनिवारी गायची. एप्रिल महिना भीमगीतांचा, तेव्हा पार्टीला श्वास घ्यायला उसंत नसायची. बाकीचं वर्ष भावगीतं, कोळीगीतं, लोक मागतील ते. पार्टीत ढोलकी तात्यांची, शब्द तात्यांचा आणि रागही तात्यांचाच. त्यांचा एक नियम होता आणि तो दगडावरची रेघ.

"कलावंतानं गिऱ्हाइकाशी न् हाटेलवाल्याशी गुलूगुलू बोलायचं न्हाय. काय बोलायचं त्ये माइकात बोलायचं. चार लोकांत बोलाय लाज वाटंल असं बोलणंच नको."

बिचाऱ्या तात्यांना वाटायचं, नियम म्हणजे कुंपण. कुंपणाला फाटक असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या पहिल्या रात्रीनंतर तात्यांनी बानूआक्कापाशी तक्रार केली. आक्काही हैराण होती. आचारी बिरदेव, म्हणजे पोरांचा बिरूमामा, जुन्या वळणाचा. चिठ्ठीवर लिहिलेलं जेवण त्याला पटायचं नाही, ऑर्डर कानावर पडली पाहिजे. वर गाणी ऐकू येत नाहीत म्हणून तो रुसून बसलेला. आक्कानं एका दगडात दोन पक्षी मारले. भटारखान्यात एक स्पीकर टांगला आणि ऑर्डर सांगणाऱ्या पोराच्या हातात मंचाच्याच कर्ण्याला जोडलेला दुसरा माइक दिला. ओरडायला नको, आणि बिरदेवला गाणीही ऐकू येतील. बिरदेवला ताकीद दिली, "ह्या डब्यातनं जे यील ते करायचं. उलटं इचारायचं न्हाय."

पोराचं नाव सुयश. इंदापूरचा. आयटीआय करून नोकरीची वाट बघत होता, तोवर आक्काकडं. माइक हातात आल्यावर त्याला पंखच फुटले. तेजश्रीचं कडवं संपायची तो वाट बघायचा, ढोलकी उसळी घ्यायची ती उठान ओळखायचा, आणि दोन कडव्यांच्या मधल्या जागेत तालात ऑर्डर सोडायचा. "तीन नंबर… रस्सा दोन… लिंबू जास्त… तिखट कमी." पेटीवाला नकळत त्याला सूर द्यायला लागला. लोक म्हणायचे, चला आक्काकडं, तिथं मेन्यूसुद्धा गाऊन दाखवतात.

आणि मधेमधे…

"मंचाला कोमट पाणी. घसा सांभाळावा, महिना पावसाचा हाय."

"पाणी पोचलं. आणणाऱ्यानं मंचाकडं बघत चालू नये, पायरी हाय."

सगळं माइकात. चार लोकांत नाही, चारशे लोकांत. तात्या ढोलकी वाजवत ऐकायचे आणि चडफडायचे. नियम कुठं मोडतोय ते काही सापडायचं नाही.

मग खिरीचं प्रकरण झालं.

तेजश्रीनं त्या शनिवारी तात्यांनी रचलेलं नवं गाणं धरलं. "राया येणार घरी, आज रांधा गं खीर, साऱ्या पंगतीला वाढा, आता धरवंना धीर." ध्रुपद असं होतं की लोकांनी पुन्हा मागितलं, तिनं पुन्हा म्हटलं. गाणं संपून टाळ्या ओसरल्या, आणि थोड्या वेळानं भटारखान्यातून पोरं वाट्या घेऊन निघाली. प्रत्येक टेबलावर शेवयाची खीर. न मागता. तट्ट्याच्या आडसुद्धा खीर गेली, आणि तिथल्या मंडळींना आपल्याला जास्त झाली की काय अशी शंका आली.

बानूआक्का पदर खोचून भटारखान्यात शिरली. सुयशचा माइक खिडकीत चालूच होता, त्यामुळं पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"खीर कुणी सांगितली रं तुला?"

"त्या गाणाऱ्या बाईनं," बिरदेव शांतपणे म्हणाला. "साऱ्या पंगतीला वाढा म्हनल्या. धीर न्हाय म्हनल्या. दोनदा सांगितलं, म्हनून म्या पातेलं मोठं घेतलं."

तेजश्रीला मंच दुभंगून आत जावंसं वाटलं. आक्काचं नुकसान, तात्यांची अब्रू, दोन्ही तिच्या डोक्यावर. आक्का तरातरा मंचाकडं यायला लागली, तेवढ्यात सुयशनं माइक उचलला.

"मंडळी, आजची खीर मंचाच्या हुकमानं. गोड लागली तर टाळ्या मंचाला. बिघडली असंल तर शिव्या बिरूमामाला. आन् पगारातनं कापायची असंल तर ती माझ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोरांनी वाट्या चाटून पुन्हा मागितली. आक्का अर्ध्या वाटेत थांबली, तिनंही एक चमचा तोंडात घातला, आणि दर शनिवारी खीर करायची असं ठरवून परत गेली.

"मंचाला एक वाटी," सुयशचा आवाज आला. "काजू जास्त. कारण विचारू नये."

तेजश्रीनं वाटी घेतली. मघाचं दाटलेलं रडू आणि आताचं हसू, दोन्ही एकदमच आवरायला लागत होतं. "काजू पोचले," ती माइकात म्हणाली. "कारण… सवडीनं सांगा."

तात्यांची थाप चुकली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिला तो आवडला होता, यात आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बालवाडीत पोरं "एक होता कावळा" म्हणत असायची आणि हिच्या डोक्यात "तीन नंबर, रस्सा दोन" चालायचं. गाण्यात कुठं थांबायचं हे ती त्याच्या ऑर्डरीला जागा राहील अशा बेतानं ठरवायला लागली होती. आणि तो कारण सांगेल म्हणून ती वाट बघत होती. पण गडी चिलापी, ताक, काजू यांच्यापुढं सरकायला तयार नाही.

अशात एका शनिवारी पार्टी जीपमधून उतरते तोच आक्का म्हणाली, "आज आयका त्याला शेवटचं. लोणी देवकर गावच्या कंपनीत लागला सुयश. सोमवारपासनं दुसरी पाळी. संध्याकाळ काय आता त्याची राहिली न्हाय."

तेजश्रीनं "बरं झालं की" म्हटलं आणि पेटीच्या खोक्यावर बसून राहिली. नोकरी लागली, चांगलंच झालं. पण शनिवारखेरीज त्याला भेटायचं कुठं? कोऱ्हाळं कुठं, इंदापूर कुठं. आज नाही बोलला तर गेला.

त्या संध्याकाळी सुयशचं काही खरं नव्हतं. "दोन… तीन नंबरला… ते हे… मासा," अशा ऑर्डरी जात होत्या. बिरदेव खिडकीतून डोकं काढून बघायला लागला. अखेर गाणी संपत आली तेव्हा सुयशनं घसा खाकरला.

"मंचासाठी एक निरोप हाय."

लोकांचे घास तोंडाशी थांबले. तेजश्रीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"निरोप असा की… म्हणजे बरेच दिवस मनात होतं की… मंचाला…"

कुणी चमचासुद्धा वाजवला नाही.

"…मंचाला ताक पाठवतोय."

सगळ्या हॉटेलानं सुस्कारा टाकला. तट्ट्याच्या आडून एकजण कळवळून म्हणाला, "आरं मर्दा, ताक कसलं पाठवतोस."

तेजश्रीला हसू आलं नाही. राग आला. एवढा मोठा आवाज, आणि त्यातून निघालं काय तर ताक. तिनं तात्यांकडं बघितलं, ते ढोलकीची दोरी कसत होते. तिनं माइक घट्ट धरला.

"बिरूमामा, एक ऑर्डर घ्या."

भटारखान्यातून उत्तर आलं, "सांगा."

"एक ताट. जेवणारी माणसं दोन."

"मापात सांगा, बाई. एक माणूस म्हंजी एक ताट. दोन माणसं म्हंजी दोन ताटं."

"नाही मामा. माणसं दोन… ताट एकच."

आधी बायकांना कळलं. लग्न लागल्यावर नवरानवरी एका ताटात जेवतात, घास भरवतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पदराआडून खसखस सुरू झाली, मग टेबलाटेबलावर पसरली. बिरदेवला तेवढं कळलं नाही. त्यानं विचारलं, "कुठल्या टेबलाला लावू?"

"ते ऑर्डर सांगणाऱ्याला विचारा," तेजश्री म्हणाली, आणि आता मात्र तिची मान खाली गेली. "त्यांना नको असंल तर… क्यान्सल करा."

सुयश माइक छातीशी धरून उभा. मग त्यानं माइक तोंडाशी नेला, आणि हॉटेल दणाणून सोडणारा तो आवाज अगदी बारीक होऊन आला.

"क्यान्सल न्हाय, मामा. ऑर्डर पक्की."

टाळ्या सुरू व्हायच्या आत ढोलकीवर एक थाप पडली. जोरात. जोतीरामतात्या उठले, लेकीच्या हातून माइक काढून घेतला. चार लोकांत बोलायला लाज वाटेल असं बोलू नको, हे त्यांनीच शिकवलं होतं. पोरगी चारशे लोकांत बोलली होती, आणि तिला लाज वाटली नव्हती. त्यांच्या नियमात ते स्वतःच अडकले होते.

"ऑर्डर क्यान्सल," तात्या म्हणाले.

कुणीतरी "आरारा" म्हणालं.

"एक ताट एवढ्यात न्हाय. आदी ह्या पोरानं आईला घिऊन रविवारी कोऱ्हाळ्याच्या विहारात यायचं. रीतसर बोलायचं, तितं माइक मिळणार न्हाय. तारीख ठरंल, मंगल परिणय हुईल, मग एक ताट." ते थांबले, घाम पुसला. "तवर तीन ताटं लावा, बिरदेवराव. दोन ह्यांची, आन् मधी माझं."

मग जो काही कल्ला झाला त्यात बल्बांच्या माळासुद्धा हलल्या. बानूआक्का डोळे पुसत गल्ल्यावरून उठली आणि मंचापुढं टेबल मांडायला लागली. बिरदेवनं स्वतः तीन ताटं आणली. त्याला एवढंच समजलं होतं की अखेर ताटाला एक माणूस हा हिशोब त्याचाच बरोबर निघाला.

तिघं जेवायला बसले. मधे तात्या, भक्कम. त्यांच्या या बाजूला तेजश्री, त्या बाजूला सुयश. लोक मुद्दाम दुसरीकडं बघत होते. दोन्ही माइक बंद करून ठेवले होते, आणि बोलायचं कसं हे दोघांनाही सुचेना. सुयशनं तात्यांच्या पाठीमागून हात लांब करून तिच्या ताटात एक भाकरी ठेवली. तव्यावरून आत्ताच उतरलेली, पापुद्रा फुगलेला, कडक.

तेजश्रीनं तुकडा मोडला. मग तात्यांच्या पाठीमागं जरा वाकून, अगदी हळू, माइकशिवायचं पहिलं वाक्य ती बोलली.

"कडक भाकरी पहिल्यापासनंच आवडती मला."

तात्यांनी रस्सा ओरपला.

"ऐकू आलं," ते म्हणाले, आणि आपलं ताट उचलून टेबलाच्या कडेला सरकून बसले.