बगळ्याचं बोट

हातात औषध असूनही ते न देणारा यंत्रमानव मी आयुष्यात एकदाच पाहिला. तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता.

मी दहाएक वर्षांची असेन. आमच्या खाडीत तेव्हा सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या होड्या आल्या होत्या, पण त्यांचं लाकडी अंग अजून माझे आबाच बांधत. फळीला फळी जोडायची, मधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा आणि वरून गरम राळ भरायची. त्या राळेचा वास अजून आठवतो. कुठे धूप जळला तरी मी क्षणभर आबांच्या होड्या बांधायच्या मांडवात जाऊन पोचते.

त्या दुपारी शाळेतून आले तर आबा होडीला टेकून जमिनीवर बसलेले. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात उचलेना. "शे... शे..." एवढंच म्हणाले. माझं नाव शेवंती.

मी आईला ओरडून बोलावलं, आईनं दवाखान्याला कळवलं. लगेच आरोग्यनौका आली आणि तिच्यातून काटकुळ्या पायांचा यंत्रमानव उतरला. आम्ही पोरं त्याला बगळा म्हणायचो. त्यानं आबांच्या डोक्यावर टोपीसारखं यंत्र बसवून आतलं चित्र पाहिलं.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी (गोठलेल्या रक्ताचा गोळा) अडकली आहे," तो म्हणाला. "हा पक्षाघात. गुठळी विरघळवणारं औषध माझ्याजवळ आहे. पण हे धडधाकट शेवटचे कुणाला दिसले?"

"मला, सकाळी. पेज पिऊन इकडे आले," आई म्हणाली.

बगळ्यानं औषधाचा हात मागे घेतला. "मग देता येणार नाही. शहरात न्यावं लागेल."

"अरे मेल्या, मग आणलंस कशाला? दाखवायला?"

बगळ्याच्या छातीवरच्या पडद्यावर दवाखान्यातल्या डॉक्टर परकार दिसल्या. "ताई, त्याच्यावर रागावू नका. शेवंती, तू सांग, फळ्यांच्या सांध्यात कापूस नसता तर होडीचं काय झालं असतं?"

"बुडाली असती," मी हुंदके देत म्हणाले.

"मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही अशाच असतात. तिथल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या. त्याला म्हणतात रक्त-मेंदू रोध (रक्त आणि मेंदू यांच्यामधली राखणदार भिंत). प्राणवायू तिच्यातून आरपार जातो, साखरेसाठी खास दारं आहेत, पण रोगजंतू आणि बरीचशी विषं बाहेरच राहतात. आता गुठळीनं रक्त अडलं, की ही भिंतसुद्धा उपाशी पडते. वेळ जाईल तसतसे तिचे सांधे सैल होतात. सैल सांध्यांवर एकदम रक्त सोडलं तर ते मेंदूत पाझरेल. आणि सकाळनंतर त्यांना धड कुणीच पाहिलेलं नाही, म्हणजे वेळ सकाळपासूनच मोजायला हवा..."

मी आबांचा हात धरला होता. तो माझ्या हाताला चिकटला. राळ!

मी होडीकडे धावले. आबांनी नुकत्याच भरलेल्या सांध्याच्या टोकाशी राळ चमकत होती. त्या राळेत बोट घालायचं मला भारी वेड, आणि आबांची तितकीच सक्त मनाई. रोज शाळेतून आल्यावर चोरून प्रयत्न करायची, पण तोवर ती थंड होऊन दगड झालेली असायची.

"बगळ्या, इथे बोट घाल!"

त्यानं घातलं. बोट आत रुतलं. "अजून कोमट," तो म्हणाला. "आणि सांधा टोकापर्यंत सरळ आहे."

"म्हणजे थोड्या वेळापूर्वीपर्यंत त्यांचा हात नीट चालत होता!" परकारबाई जवळजवळ ओरडल्याच. "भिंत अजून धड असणार. दे औषध!"

औषध थेंब थेंब चढू लागलं. नौका शहराकडे निघाली. मी आबांचा उजवा हात सोडला नाही. खाडीचं तोंड आलं असेल, तेवढ्यात त्यांच्या बोटांनी माझी बोटं हळूच दाबली. आईनं पदरात तोंड लपवलं आणि ती मोठ्यानं रडली. इतका वेळ तिनं रडू आवरून धरलं होतं.

काही दिवसांनी आबा काठी टेकत घरी आले ते थेट मांडवात. सांध्यावर हात फिरवला आणि कपाळाला आठ्या. "माझ्या राळेत बोट कुणी घातलंन गो?"

"मी नाही, बगळ्यानं!"

"लबाड! बगळ्याचं नाव सांगतेस?" मग मी त्यांना सगळं सांगितलं. बोटाचा तो खळगा त्यांनी कधीच बुजवला नाही.

आज माझी नात प्रयोगशाळेत असं औषध शोधते आहे, जे मेंदूच्या भिंतीचे सैल पडलेले सांधे पुन्हा आवळील. "म्हणजे आजी, उशीर झालेल्यांनाही वाचवता येईल," ती म्हणते. अजून जमलेलं नाही, पण जमेल. सुटीत आली की ती आधी खाडीवर, त्या जुन्या होडीपाशी जाते आणि बगळ्याच्या खळग्यात आपलं बोट बसवून बघते.

सांधा अजून घट्ट आहे.