डिस्क गेल्यानंतर आलेला आवाज

दिवा जरा मोठा करा आणि इकडे सरकून बसा. सांगतो.

त्या दुपारी मी फक्त एक प्रत काढायला निघालो होतो. आमच्या इस्पितळाच्या तळघरात आवाज रेकॉर्ड करायची खोली आहे. खिडकी नाही, भिंतींना जाड कापड. आत गेलं की स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. वास कायम तापलेल्या धुळीचा. तिथले कॉम्प्युटर सांभाळणं माझं काम.

नाटक कंपनीतल्या एका प्रॉम्प्टरचं स्वरयंत्र त्या दिवशी काढायचं होतं. आयुष्यभर विंगेत उभं राहून विसरलेल्यांना वाक्यं पुरवणारा माणूस. पुढे ते जे टाइप करतील ते यंत्राने त्यांच्याच आवाजात बोलावं म्हणून आम्ही त्यांचं वाचन रेकॉर्ड करत होतो. शेवटचा भाग त्यांनी ऑपरेशनला जाता जाता वाचला. प्रत्येक वेळी शेजारी बसणारी त्यांची मुलगी आताही माझ्याबरोबर होती. वर वडील टेबलावर होते.

तो शेवटचा भाग डिस्कवर उतरत असतानाच तिची घरघर थांबली.

खोली एकदम बहिरी झाली.

पडद्यावर ओळ आली: डिस्क सापडत नाही, लिहिणं थांबवलं आहे. त्यातल्या त्यात मला धीर आला. आमची जुनी फाइल सिस्टिम अशा वेळी खुशाल ‘जतन झालं’ म्हणायची आणि सगळं गिळून बसायची. ही नवी निदान खरं बोलत होती. उरलेला आवाज तिने मेमरीत धरून ठेवला होता, आणि तीच डिस्क परत आल्याची खात्री पटेपर्यंत ती एक अक्षर लिहिणार नव्हती. पण मेमरी म्हणजे ओंजळीतलं पाणी. यंत्र बंद केलं की संपलं.

मी केबल काढून पुन्हा लावली, दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहिली. डिस्क निपचित. बराच वेळ गेला. मुलगी रुमालाचं टोक पिळत बसली होती. शेवटी माझाच धीर सुटला. एकदा बंद करून चालू करून बघू, असं पुटपुटत मी बटणाकडे हात नेला.

तेव्हा स्पीकरमधून कुजबुज आली.

“घाई नको... वाक्य येतंय.”

माझा हात तिथेच थिजला. काहीच वाजायला लावलेलं नव्हतं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळ्यांत भीती नव्हती.

“बाबा आहेत,” ती हळूच म्हणाली. “पण हे... हे त्यांनी इथे कधी वाचलं नव्हतं.”

आम्ही थांबलो. भिंतीच्या कापडामागे कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, तशी सळसळ झाली... आणि डिस्क घरघरली.

सिस्टिमने आधी तिची ओळख पटवली, धरून ठेवलेलं सगळं सावकाश उतरवलं, आणि मगच ‘जतन झालं’ म्हणाली. मी लगोलग दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. ती पूर्ण होताच जुनी डिस्क गप्प झाली, ती कायमचीच. थोड्या वेळाने वरून निरोप आला, बाबा शुद्धीवर आलेत.

पुढे दुरुस्तीवाल्याने ती डिस्क उघडली. मोटर साफ जाम होती. ही त्या दुपारी फिरली असेल तर मी धंदा सोडतो, म्हणाला.

आता बाबा त्या यंत्रावरून झकास बोलतात, नवख्या नटांना झापतातसुद्धा. परवा मुलगी भेटली. सांगत होती, ते झोपले की ती यंत्राची बॅटरी काढून चार्जिंगला लावते, आणि तरी कधीकधी त्यातून हसू ऐकू येतं. अगदी बाबांचं, मोकळं. ती उठून बघायला जात नाही. पांघरूण ओढून घेते आणि छान झोपते.

हसणं आम्ही रेकॉर्डच केलं नव्हतं.